गोठवलेलं माणूस आणि मागे राहिलेलं घर

मैत्रिणींनो, मेलेलं माणूस थंडगार करून ठेवायचं आणि शे-दोनशे वर्षांनी त्याच्या आजारावर औषध सापडलं की त्याला पुन्हा उठवायचं, असं कुणी तुम्हाला सांगितलं तर तुम्ही काय म्हणाल? मी हा विषय आमच्या भिशीत काढून पाहिला. एक जण पदर तोंडाला लावून हसली. दुसरी म्हणाली, "पैसा जास्त झाला की असली थेरं सुचतात." तिसरी म्हणाली, "आहे त्या जन्मात काय कमी सोसलं, म्हणून पुन्हा उठून बसायचं?" आणि एक जण, जिचा मुलगा वर्षापूर्वी अपघातात गेला, ती काहीच बोलली नाही. चहाचे कप गोळा करून आत निघून गेली.

नंतर या विषयावर वाचत गेले तेव्हा वाटलं, या चौघींत सगळं जग आलं. ही कल्पना निघाल्याला साठ वर्षं होऊन गेली. अमेरिका, इंग्लंड, फ्रान्स, थायलंड, चीन, जिथे जिथे कुणी आपलं माणूस असं ठेवलं, तिथे लोक हसले, चिडले किंवा गप्प झाले. हसणं आणि चिडणं टीव्हीने भरपूर दाखवलं. गप्प झालेल्यांच्या घरात पुढे काय झालं, ते मात्र फार थोड्यांनी विचारलं. आज मला तुमच्याशी त्या घरांबद्दल बोलायचं आहे.

हे आहे तरी काय?

या प्रकाराला क्रायॉनिक्स म्हणतात. त्याचे जनक रॉबर्ट एटिंगर हे अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातले भौतिकशास्त्राचे शिक्षक. १९६२ साली त्यांनी स्वतःच्या खर्चाने एक पुस्तक काढलं, आणि १९६४ साली ते एका मोठ्या प्रकाशकाने छापलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की आजचा डॉक्टर ज्याला मेलेला म्हणतो, त्याला उद्याचा डॉक्टर कदाचित फार आजारी एवढंच म्हणेल. तेव्हा तोवर देह नासू देऊ नये. पुस्तक गाजलं आणि हे मास्तर टीव्हीवरच्या गप्पांच्या कार्यक्रमांतून दिसू लागले.

१२ जानेवारी १९६७ रोजी पहिला माणूस गोठवला गेला. जेम्स बेडफर्ड त्यांचं नाव. मानसशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, वय ७३, कर्करोगाने गेलेले. 'लाइफ' या त्या वेळच्या बड्या साप्ताहिकाने त्यांच्यावर लेखही तयार केला होता. पण त्याच महिन्याच्या २७ तारखेला अपोलो यानात आग लागून तीन अंतराळवीर गेले, आणि छपाई चालू असतानाच तो लेख काढून त्या जागी अपघाताची बातमी घालण्यात आली. बेडफर्ड यांच्या बायकोने आणि मुलाने पुढे कित्येक वर्षं त्यांचा तो देह सांभाळला. आज तो ॲरिझोना राज्यात स्कॉट्सडेल इथे आल्कॉर नावाच्या संस्थेत आहे. ही संस्था १९७२ सालची. एटिंगर यांनी स्वतः १९७६ साली मिशिगनमध्ये दुसरी संस्था काढली. दोन्हींत मिळून चारशेहून जास्त माणसं आहेत. त्यांतलं एकही अजून उठलेलं नाही, आणि उठवायचं कसं, हे आज कुणालाच ठाऊक नाही.

आता गोठवतात कसं, ते आपल्या स्वयंपाकघरातून समजून घेऊ. पाण्याने काठोकाठ भरलेली काचेची बाटली फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवली तर तडकते. टोमॅटो तिथे ठेवून बाहेर काढला तर त्याचा लगदा होतो. कारण पाण्याचा बर्फ होताना ते फुगतं आणि बर्फाचे खडे आतली नाजूक जाळी फाडून टाकतात. माणसाच्या देहातल्या पेशींचंही तेच होणार. म्हणून ही मंडळी हृदय बंद पडल्याबरोबर देहाभोवती बर्फ घालतात, रक्त काढून त्या जागी एक औषधी द्रव भरतात आणि मग हळूहळू थंड करत नेतात. त्या द्रवामुळे बर्फाचे खडे न होता सगळं काचेसारखं घट्ट व्हावं, अशी खटपट असते. तुम्ही पाक करता ना? पाक बिघडला की साखर धरतो, दाणे पडतात. पण चिक्कीचा पाक जमला की काचेसारखा कडक आणि पारदर्शक होतो. तसंच हे. शेवटी देह उणे १९६ अंश तापमानाच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवतात. त्यासाठी स्टीलच्या उंचच उंच टाक्या असतात, म्हणजे आपल्या थर्मासचीच मोठी बहीण. टाकीला वीज लागत नाही, पण नायट्रोजन उडून जातो तसा पुन्हा भरत राहावं लागतं. खर्च म्हणाल, तर एका संस्थेत अठ्ठावीस हजार डॉलर, आणि दुसरीत सबंध देहाला दोन लाख डॉलर वा त्याहून जास्त. बरेच लोक आयुर्विमा उतरवून ही सोय करतात.

आधी अफवा, मग हसू, मग चीड

या विषयाची सगळ्यांत गाजलेली 'बातमी' खोटीच आहे. मिकी माऊसचे वॉल्ट डिस्नी गोठवून ठेवले आहेत, असं तुम्हीही ऐकलं असेल. डिस्नी वारले १५ डिसेंबर १९६६ रोजी, आणि दोनच दिवसांनी त्यांना अग्नी देण्यात आला. त्यानंतर महिनाही झाला नाही तोच बेडफर्ड गोठवले गेले, आणि दोन गोष्टींची लोकांच्या तोंडी खिचडी झाली ती आजतागायत. खरं काय ते कितीदा सांगून झालं, पण अफवेला जी गोडी असते ती खऱ्याला कुठली?

हसण्याचा मोठा नमुना म्हणजे कोलोरॅडो राज्यातलं नेडरलँड हे डोंगरातलं छोटं गाव. ब्रेडो मॉर्स्टोल नावाचे नॉर्वेचे आजोबा १९८९ साली वारले. नातवाने त्यांना अमेरिकेत आणलं, आणि पुढे त्यांचा देह या गावातल्या एका शेडमध्ये कोरड्या बर्फात ठेवला. कोरडा बर्फ म्हणजे आइस्क्रीम लांबच्या प्रवासाला नेताना वापरतात तो, धूर निघणारा. नातवाला पुढे देशाबाहेर जावं लागलं. आजोबांची मुलगी अर्धवट बांधलेल्या घरात राहत होती, तिलाही घर सोडायची वेळ आली. तेव्हा तिने काळजीने गावच्या वार्ताहराला विचारलं, की आता माझ्या वडिलांचं काय होणार? झालं! गावात गहजब उडाला. घरात मृतदेह ठेवायला बंदीचा नियम झाला, पण आधीपासून असलेल्या या आजोबांना त्यातून सूट मिळाली. २००२ पासून त्यांच्या नावाने दर वर्षी जत्राच भरू लागली. शवपेट्या खांद्यावर घेऊन शर्यती, नाचगाणी, आणि टीव्हीचे कॅमेरे. २०२३ साली ती जत्रा एस्टेस पार्क या दुसऱ्या गावी गेली, आणि आजोबाही तिथल्या एका हॉटेलच्या आवारात नव्या टाकीत गेले. लोकांची करमणूक झाली, गावाला चार पैसे मिळाले. पण मला राहून राहून ती मुलगी आठवते. सगळ्या गोष्टीची सुरुवात तिच्या काळजीपासून झाली, आणि त्या काळजीची जत्रा झाली.

चीड मात्र अगदीच अकारण नव्हती, हेही सांगायला हवं. कॅलिफोर्नियातला रॉबर्ट नेल्सन हा व्यवसायाने टीव्ही दुरुस्त करणारा. बेडफर्ड यांना गोठवण्यात त्याचा पुढाकार होता. पुढे त्याने चॅट्सवर्थ इथल्या दफनभूमीत एक तळघर घेतलं आणि तिथे आणखी माणसं ठेवली. पैसे संपले, नायट्रोजन भरणं थांबलं, आणि घरच्यांना पत्ता नसताना नऊ देह आतल्या आत नासले. त्यांत एक लहान मुलगीही होती. १९७९ साली हे उघडकीला आलं, आणि १९८१ साली कोर्टात नातेवाइकांच्या बाजूने निकाल लागला. विचार करा, एकदा निरोप दिलेला असता तर ते दुःख एकदाच झालं असतं.

फ्रान्समध्ये रेमों मार्तिनो नावाच्या डॉक्टरने १९८४ साली आपली कर्करोगाने गेलेली बायको घराच्या तळघरात शीतपेटीत ठेवली. इथे नायट्रोजनची टाकी नव्हती, विजेवर चालणारी पेटी होती. २००२ साली डॉक्टर स्वतः गेले, आणि मुलाने त्यांनाही आईशेजारी ठेवलं. सरकारने हरकत घेतली, प्रकरण वरच्या कोर्टापर्यंत गेलं, टीव्हीवाले दारात उभे. आणि २००६ साली काय झालं? पेटी बिघडली. तापमान कधी चढलं ते कळलंच नाही. शेवटी मुलाने दोघांना अग्नी दिला. आपल्याकडे उन्हाळ्यात दोन दिवस वीज गेली तर फ्रीजमधलं दूध-भाजीचं काय होतं ते आपण जाणतो. त्या मुलावर काय गुजरलं असेल, याची कल्पना गृहिणीला चटकन येईल.

'विरोधी बायको'

आता एक गंमत सांगते, म्हणजे निदान आधी तरी ती गंमत वाटेल. या संस्थांच्या सभासदांत पुरुष पुष्कळ जास्त आणि बायका कमी. नवऱ्याने नाव नोंदवायचं म्हटलं की पुष्कळदा घरात भांडण ठरलेलंच. इतकं, की या मंडळींनी त्याला नावच पाडलं, 'विरोधी बायको'! २००८ साली त्यांच्यातल्याच काही जणांनी त्यावर लांबलचक लेख लिहिला. २०१० साली 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पुरवणीत रॉबिन हॅन्सन या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाच्या घरची हकीकत आली. प्राध्यापकांना आपलं मस्तक जतन करायचं होतं. त्यांच्या पत्नी काम करतात कुठे, तर शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांची सेवा करणाऱ्या संस्थेत. त्यांना नवऱ्याचा हा हव्यास स्वार्थाचा वाटत होता.

वाचणाऱ्यांपैकी कुणी म्हणालं, बायको अडाणी आहे, कुणी म्हणालं, नवरा वेडा आहे. मला मात्र त्या बाईंचं काम महत्त्वाचं वाटलं. जी रोज मरणाऱ्यांच्या उशाशी बसते, तिला मरण ही शत्रूची चढाई वाटत नाही. घरातलं एक काम असतं, ते नीट पार पाडायचं असतं. आपल्यातल्या कितीजणींनी सासू-सासऱ्यांचं शेवटचं दुखणं काढलंय! ओठांना पाणी लावणं, कूस बदलणं, हात हातात धरून बसणं. पुरुषांनी पुस्तकातून मरणाचा विचार करायचा आणि बायकांनी गादीशी बसून, अशी वाटणी जगभर दिसते. मग दोघांचं मत एक कसं व्हायचं?

टीव्हीवरच्या गोष्टींतही एकदा ही गृहिणी येऊन गेली आहे. 'स्टार ट्रेक' मालिकेच्या १९८८ सालच्या एका भागात विसाव्या शतकात गोठवलेली तिघं जण चोविसाव्या शतकात जागी होतात. एक पैसेवाला, एक गवई आणि एक साधी गृहिणी. तिला गोठवण्याची हौस नव्हती, ते ठरवलं होतं नवऱ्याने. पैसेवाला विचारतो, माझ्या गुंतवणुकीचं काय झालं? आणि ही बाई रडते, कारण तिची दोन मुलं कधीच म्हातारी होऊन गेलेली असतात. मालिका कल्पनेची, पण हा प्रश्न शंभर नंबरी खरा आहे. सगळे आपले गेल्यावर एकटीने उठून करायचं काय?

आणि ठेवणाऱ्याचं काय? चीनमधल्या जीनान शहरात २०१७ साली एका नवऱ्याने आपली ४९ वर्षांची, फुफ्फुसाच्या कर्करोगाने गेलेली बायको गोठवून ठेवली. संस्थेशी तीस वर्षांचा करार केला. लोकांनी डोळे पुसले. केवढं हे प्रेम! २०२५ च्या नोव्हेंबरात बातमी आली, की त्याच्या आयुष्यात आता दुसरी स्त्री आहे. झालं, तेच लोक त्याच्यावर तुटून पडले. कुणी म्हणालं, तो दोघींनाही फसवतोय. कुणी म्हणालं, बिचाऱ्याने एकट्याने किती दिवस काढायचे? यात मला चूक-बरोबर ठरवायचं नाही. पण हा माणूस विधुर आहे की नाही, हेच कुणाला सांगता येईना. आणि त्या दुसऱ्या बाईचं घरातलं स्थान तरी काय?

मैत्रिणींनो, आपल्याकडे दहावा, तेरावा असतो. त्या दिवसांतल्या कर्मकांडाबद्दल कुणाचं काहीही मत असो. पण तेराव्याला गोडाचं जेवण होतं, नातेवाईक परत जातात, आणि घराला कळतं की आता उद्यापासून चूल नेहमीसारखी पेटवायची. टाकीत ठेवलेल्या माणसाचा तेरावा कधी घालायचा? मला वाटतं, या सगळ्या प्रकारात पैशापेक्षा मोठी किंमत ही आहे, आणि ती घरच्यांनी भरायची असते.

आईने काय करावं?

हे सगळं वाचून 'बरोबरच आहे, हे खूळच' असं तुम्ही म्हणत असाल, तर पुढच्या दोन हकीकती वाचा.

इंग्लंडमध्ये १४ वर्षांच्या एका मुलीला दुर्मीळ कर्करोग झाला. आईवडील विभक्त, मुलगी आईकडे. आपण वाचणार नाही हे तिला कळलं होतं. तिने स्वतः माहिती काढली आणि मला गोठवून ठेवा असा हट्ट धरला. आईची संमती होती, वडिलांचा आधी विरोध. प्रकरण लंडनच्या उच्च न्यायालयात गेलं. न्यायमूर्ती पीटर जॅक्सन स्वतः रुग्णालयात जाऊन मुलीला भेटले. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी निर्णयाचा हक्क आईला दिला. क्रायॉनिक्स चांगलं की वाईट यावर माझा हा निकाल नाही, आईबापांतल्या वादावर आहे, हेही त्यांनी स्पष्ट केलं. काही दिवसांनी मुलगी गेली. तिला अमेरिकेला नेण्यात आलं. खर्च ३७ हजार पौंड, तो आजोळच्यांनी उभा केला.

नोव्हेंबरात बातमी फुटली आणि टीव्हीवर चर्चांचा पूर आला. शास्त्रज्ञ म्हणाले, आशा जवळपास शून्य. कुणी म्हणाले, मुलीला खोटी आशा दाखवली. हे सगळं खरं असेलही. पण निकालपत्रातल्या दोन गोष्टींनी माझं काळीज हललं. वडिलांची शंका अशी होती, की समजा दोनशे वर्षांनी ती खरोखर उठली, तर तिथे तिचं कुणीच नसेल, तिला काही आठवणारही नाही, आणि परक्या मुलखात चौदा वर्षांची पोर एकटी काय करील? बाप विरोध करतानासुद्धा मुलीच्या उठण्यानंतरची काळजी करत होता! दुसरी गोष्ट रुग्णालयाने कळवलेली. शेवटच्या दिवशी आई पुढच्या व्यवस्थेच्या धावपळीत इतकी गुंतली होती, की मुलीजवळ पुरेशी बसू शकली नाही. त्या आईला मी कोण बोलणार? लेकीची शेवटची इच्छा पुरी करायची की लेकीचा हात धरून बसायचं, हा पेच वैऱ्यावरही येऊ नये.

दुसरी हकीकत बँकॉकची. जानेवारी २०१५ मध्ये दोन वर्षांची एक मुलगी मेंदूच्या कर्करोगाने गेली. घर बौद्ध, आईवडील शिकलेले, विज्ञानावर विश्वास असलेले. त्यांनी तिला आल्कॉरकडे पाठवलं. थायलंडमध्ये बातमी झाली, आणि लोकांनी ठरवून टाकलं, की यांना मुलीचा मोह सोडवत नाही, हे तिला पुढच्या जन्माला जाऊ देत नाहीत. पैलिन वेडेल या पत्रकार बाईंनी मात्र दोन मिनिटांच्या बातमीवर न थांबता त्या घराची गोष्ट कॅमेऱ्यात टिपली. 'होप फ्रोझन' हा त्यांचा माहितीपट २०२० साली नेटफ्लिक्सवर आला, आणि २०२१ साली त्याला आंतरराष्ट्रीय एमी पुरस्कार मिळाला. त्यात टाक्या आणि पांढरा धूर आहे, पण त्याहून जास्त घर आहे. मुलीचा थोरला भाऊ, शाळकरी वयाचा. आईबापांची आशा आपल्याला पुढे चालवायची आहे, हे ओझं तो खांद्यावर घेतो, अमेरिकेत जाऊन शास्त्रज्ञांना भेटतो. गेलेल्या बहिणीपेक्षा या मुलाकडे बघून माझ्यासारख्या मास्तरणीचं लक्ष तुटतं. वर्गात अशी मुलं मी पाहिली आहेत, घरातल्या मोठ्यांचं दुःख दप्तरासारखं वागवणारी.

हसण्याआधी एक आठवण

'जगाने हसलं म्हणून काय झालं, शास्त्राला आधी सगळे हसतातच' असं क्रायॉनिक्सवाले म्हणतात. त्यात तथ्य किती? आपल्या देशातलंच उदाहरण घ्या. कोलकात्याचे डॉ. सुभाष मुखोपाध्याय. ३ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. इंग्लंडमधलं जगातलं पहिलं असं बाळ जन्मून फक्त ७० दिवस झाले होते. मुखोपाध्यायांनी तर गर्भ काही आठवडे गोठवून ठेवून मग आईच्या पोटात सोडला होता. सरकारी समितीने त्यांना खोटं ठरवलं, टिंगल झाली, बदली झाली. १९८१ साली त्यांनी आत्महत्या केली. मुंबईत १९८६ साली डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून बाळ जन्मलं, त्या कामात डॉ. टी. सी. आनंद कुमार हे शास्त्रज्ञ होते. याच आनंद कुमारांनी पुढे मुखोपाध्यायांची टिपणं तपासली आणि १९९७ साली जाहीर केलं, की पहिला मान माझा नाही, त्यांचा आहे. केवढं मोठं मन!

आज गोठवलेल्या गर्भातून जन्मलेली मुलं जगभर शाळेत जात आहेत. तेव्हा 'गोठवलेलं जिवंत होत नाही' असं सरसकट म्हणू नये. पण फरक लक्षात घ्या. गर्भ म्हणजे मोजक्या पेशींचा सूक्ष्म ठिपका. तो जिवंत असतानाच गोठवतात, आणि गरम केल्यावर तो वाढतो हे पुन्हा पुन्हा सिद्ध झालं आहे. माणसाचा मेंदू म्हणजे अब्जावधी पेशींचं जाळं, आणि तेही हृदय थांबल्यानंतर गोठवलेलं. एकाची खात्री आहे, दुसऱ्याची नुसती आशा. हसू नका, पण दागिने गहाण टाकण्याइतका विश्वासही ठेवू नका, असं मी कुणालाही सांगेन.

आपल्या घरापुरतं

'हे सगळं अमेरिकेतलं, आपल्याला काय त्याचं?' असं म्हणू नका. थांबवून ठेवणं आपल्यालाही नवं नाही. वाल्मीकींच्या रामायणात दशरथ गेला तेव्हा राम वनात, भरत आजोळी. मुलगा येईपर्यंत राजाचा देह तेलाच्या द्रोणीत ठेवला होता. आजही मुलगा अमेरिकेहून यायचा असला की आपण बर्फाच्या लाद्या मागवतो, शीतपेटी भाड्याने आणतो. दोन दिवस, तीन दिवस. सोडवत नाही, ही भावना तीच. आपण तिला तीन दिवसांची मुदत घालतो, त्यांनी घातलेली नाही, एवढाच काय तो फरक.

आणि घोळ होतो तोही सारखाच. टेड विल्यम्स हा बेसबॉलचा नामवंत खेळाडू, आपल्या गावस्करांसारखा लोकप्रिय. २००२ साली ८३ व्या वर्षी वारला. मृत्युपत्रात लिहिलं होतं, दहन करा आणि रक्षा समुद्रात सोडा. पण मुलगा आणि धाकटी मुलगी म्हणाली, आमच्याशी नंतर वेगळा करार झाला होता, आणि त्यांनी सही असलेला एक चिठोरा दाखवला. थोरली मुलगी कोर्टात गेली. शेवटी पैशाअभावी तिने माघार घेतली आणि देह आल्कॉरमध्ये राहिला. टीव्हीवरच्या विनोदवीरांना कित्येक महिने खाद्य मिळालं. भावंडांचं फाटलं ते फाटलंच.

म्हणून घरचा सल्ला म्हणून चार गोष्टी सांगते. आपल्या मागे काय व्हावं, हे धडधाकट असताना घरात बोला. 'अभद्र बोलू नकोस' म्हणून आपण एकमेकांची तोंडं बंद करतो आणि मग दवाखान्याच्या व्हरांड्यात भावंडं भांडतात. नेत्रदान करायचं असेल तर मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत व्हावं लागतं, तेव्हा नेत्रपेढीचा फोन नंबर घरात सगळ्यांना ठाऊक हवा. अवयवदानाचा किंवा देहदानाचा अर्ज भरला तरी त्या वेळी घरच्यांची संमती विचारतात, म्हणून नुसता अर्ज पुरत नाही, नवऱ्याला-मुलांना पटवून ठेवा. आणि शेवटच्या आजारात यंत्रांवर किती काळ ठेवावं याचं इच्छापत्र करायला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्यता दिली आहे. २०२३ साली ते सोपंही केलं. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर सही केली की झालं. विल्यम्सच्या घरासारखा चिठोरा मागे ठेवू नका.

पुढच्या वेळी टीव्हीवर त्या स्टीलच्या टाक्या आणि पांढरा धूर दिसला, आणि घरातलं कुणी फिदीफिदी हसलं, तर त्यांना एवढंच विचारा, की टाकीतल्या माणसाच्या घरी आज रात्री जेवायला कोण कोण बसलं असेल? त्या निमित्ताने आपल्या घरातही हा विषय निघाला, तर टीव्ही जरा बंद करा आणि जेवणं झाल्यावर नीट बोला. आणि हो, बोलताना कुणी गप्प झालं तर तिला उठून जाऊ देऊ नका. कप राहू दे म्हणावं, बस माझ्याजवळ.